बाळंतविडा कोणी आणि किती आणावा?

पवित्र कुरआनच्या सूरह मरयममध्ये एका प्रसूतीचे वर्णन आले आहे. हजरत मरयम (अ.) एकट्या आहेत. प्रसववेदनांनी व्याकूळ होऊन त्या खजुरीच्या बुंध्यापाशी येऊन थांबल्या आहेत आणि याआधीच आपल्याला मरण आले असते तर बरे झाले असते, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघत आहेत. अशा वेळी अल्लाहने त्यांना काय पुरवले, हे याच सूरहच्या २४ ते २६ या आयतींमध्ये वाचावे. प्रथम धीराचे शब्द, मग पायाशी वाहणारा पाण्याचा झरा, मग झाड हलवताच पडणारे ताजे पिकलेले खजूर. बाळाच्या वस्त्रांचा, पाळण्याचा किंवा दागिन्यांचा तेथे उल्लेख नाही. जे आले ते सारे मातेसाठी आले.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरी पाहुणा येऊ घातला आहे, त्यांनी खरेदीची यादी करण्यापूर्वी या तीन आयती एकदा शांतपणे वाचाव्यात, अशी आमची विनंती आहे. आपल्या याद्यांमध्ये बहुधा पहिल्या ओळीवर पाळणा असतो आणि माता शेवटच्या ओळीवरही नसते.

जबाबदारी कोणाची?

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. मुलीला आईजवळ विश्रांती मिळते, मायेने काळजी घेतली जाते, हे चांगलेच आहे. बाळंतविडा, म्हणजे झबली-टोपडी, दुपटी, लंगोट, घुंगुरवाळा अशी बाळाला द्यायची भेटही मूळची मायेचीच. परंतु मायेने दिलेली भेट आणि न दिल्यास मुलीला टोमणे ऐकावे लागतील या भीतीने दिलेली भेट यांत मोठे अंतर आहे. आज कित्येक घरांत सातव्या महिन्याची गोदभराई, इस्पितळाचे बिल, पाळणा, सासरच्या मंडळींना कपडे, छठीचे जेवण हा सारा खर्च मुलीच्या पित्याने करायचा, असे गृहीतच धरले जाते. लग्नाचे कर्ज अजून फिटलेले नसते आणि तो पुन्हा भिशीचे पैसे उचलतो किंवा बायकोचे दागिने गहाण टाकतो.

शरीअतचा आदेश याबाबत अगदी स्पष्ट आहे. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बाळाच्या पित्यावर टाकलेली आहे. तेथे पित्यासाठी जो शब्द आला आहे, त्याचा अर्थच ‘ज्याच्यासाठी मूल जन्मले तो’ असा होतो. मूल ज्याच्या नावाने ओळखले जाणार, खर्चही त्याचाच. सूरह अत्-तलाकच्या ६ व्या आयतीत तर घटस्फोट दिलेली पत्नी गरोदर असेल तर तिच्यावर प्रसूतीपर्यंत खर्च करण्याची आज्ञा आहे. नाते तुटल्यावरही जी जबाबदारी सुटत नाही, ती पत्नी संमतीने चार महिने माहेरी गेल्यामुळे कशी सुटेल? आजी-आजोबांनी खुशीने काही दिले तर ती भेट आहे आणि ती आनंदाने स्वीकारावी. मात्र ती मागता येत नाही, सुचवता येत नाही आणि ‘आमच्यात अशी पद्धत आहे’ असे म्हणून वसूलही करता येत नाही.

हे आम्ही मुलांच्या मातापित्यांना उद्देशून मुद्दाम लिहीत आहोत. जावई संकोचाने गप्प राहतो आणि त्याची आई रीत पुढे करते, असेच बहुधा घडते. बाळाच्या पित्याने पाचव्या-सहाव्या महिन्यातच सासऱ्यांना स्वतः जाऊन सांगावे, “अब्बा, इस्पितळाचा आणि बाळाच्या सामानाचा खर्च माझा आहे. आपण फक्त दुआ करा.” एवढे एक वाक्य त्या घरात किती रात्रींची झोप परत आणील, याची कल्पना ज्यांना मुली आहेत त्यांनाच येईल.

किती आणावे?

हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली होती की, पती अबू सुफियान (रजि.) घरखर्चाला पुरेसे देत नाहीत. पतीच्या संपत्तीतून स्वतःला आणि मुलांना रूढ रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची अनुमती प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना आली आहे. ‘पुरेल इतके’ हेच येथे माप ठरते. त्याहून कमी देणे हा अन्याय होय आणि त्याच्या कितीतरी पुढे जाणे हा ‘इसराफ’. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत अल्लाहच्या दासांचे वैशिष्ट्य सांगताना या दोन्ही टोकांच्या मधली वाट सांगितली आहे.

ही वाट बाजारात उभे राहून कशी ओळखावी? ग्रेनाडाचे विद्वान इमाम शातिबी (मृत्यू इ.स. १३८८) यांनी शरीअतच्या उद्दिष्टांचे विवेचन करताना माणसाच्या हिताच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. ज्यांवाचून जीव, धर्म, संतती धोक्यात येते त्या ‘जरूरियात’, ज्यांवाचून जगता येते पण अडचण होते त्या ‘हाजियात’ आणि ज्या केवळ शोभा वाढवतात त्या ‘तहसीनियात’. बाळाच्या खरेदीला ही फूटपट्टी लावून पाहावी.

पहिल्या पायरीवर सुरक्षित प्रसूती येते. पैसा थोडा असेल तर तो आधी येथे लावावा. गरोदर मातेची तपासणी, लोहाच्या गोळ्या, तिच्या ताटातले दूध, डाळ, अंडी, भाजी, फळ यांवर काटकसर करून पाळण्यासाठी पैसे साठवणे म्हणजे पाया सोडून कळसाला रंग देण्यासारखे आहे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण विनामूल्य आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मातेच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी वेळीच नोंदणी हवी. आशाताई किंवा अंगणवाडीताई हे काम करून देतात. आपल्या वस्त्यांतील अनेक भगिनी केवळ कागदपत्रांच्या कंटाळ्याने या हक्काला मुकतात.

याच पायरीवर बाळाचे अन्न येते आणि ते विकत आणावे लागत नाही. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध आणि पुढे सहा महिने केवळ आईचेच दूध, पाणीसुद्धा नाही, हा वैद्यकाचा निर्वाळा आहे. दुधाची बाटली म्हणूनच आम्ही यादीतून पूर्णपणे वगळली आहे. या बाटल्या आणि डब्यांतील दुधाच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नव्हे. दूध येत नाही असे वाटले तर दुकानात जाण्याआधी परिचारिकेकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. कधी आईच्या आजारपणात मावशी किंवा काकू बाळाला दूध पाजते. तेव्हा तिचे नाव वहीत लिहून ठेवावे. दूधनात्याने तिची मुले बाळाची भावंडे होतात आणि पुढे विवाहाच्या वेळी हा प्रश्न उभा राहतो.

कपड्यांचे म्हणाल तर आठ-दहा सुती झबली, समोर बंद असलेली, म्हणजे डोक्यातून घालावी लागत नाहीत. तीन-चार टोपडी, तेवढेच पायमोजे, सहा दुपटी, दोन जाडसर गोधड्या, एक रबरी कापड. लंगोट दोन डझन पुरतात, पण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बाळ येणार असेल तर कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तेथे तीन डझन ठेवावेत. घरातील मऊ झालेली जुनी सुती साडी किंवा लुंगी फाडून केलेली बाळोती नव्या कापडापेक्षा बाळाच्या कातडीला अधिक मानवतात. भावंडांची, चुलतभावंडांची झबली वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र नवे असो वा जुने, सारे कपडे धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवावेत.

येथे एक गोष्ट केवळ आपल्या घरांपुरती सांगण्यासारखी आहे. बाळाच्या शी-शूमुळे कपडे नापाक राहतात म्हणून कित्येक माता महिनोन्महिने नमाज सोडून देतात. हनफी मतानुसार मुलगा असो वा मुलगी, लघवी लागलेला कपडा धुवावा लागतो. कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार केवळ दुधावर असलेल्या मुलग्याच्या लघवीवर पाणी शिंपडणे पुरेसे होते, मुलीच्या बाबतीत मात्र धुवावेच लागते. कोणतेही मत असो, मातेसाठी नमाजचे दोन वेगळे जोड आणि बाळोत्यांसाठी स्वतंत्र बादली, एवढे यादीत असले की अडचण संपते. चाळीस दिवस पूर्ण होईपर्यंत नमाज नाहीच, हाही गैरसमज आहे. रक्तस्राव त्याआधी पूर्ण थांबला तर स्नान करून नमाज सुरू करावी.

दुसऱ्या पायरीवरच्या वस्तू थोडक्यात सांगतो : मच्छरदाणी, बाळाची नखे कापण्याची लहान कात्री, तापमापक, बाहेर जाताना वापरायला थोडे डायपर. पाळणा उसना मिळत असेल तर विकत घेऊ नये. बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवावे. डोक्याला आकार देणाऱ्या राईच्या उशीची गरज नाही. उशी तान्ह्या बाळाला धोक्याचीच. चालायला शिकवणारे चाकांचे वॉकर तर अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये विक्रीतूनच बाद केले. काजळ, सुगंधी पावडर, घुटी, नाकाकानात सोडायचे तेल हे सारे दुकानातच राहू द्यावे. गळ्यातील सोनसाखळी आणि मनगटातील काळे मणीही तसेच. ते गळ्याभोवती आवळू शकतात आणि तुटले तर तोंडात जातात.

अपशकुन, नजर आणि तहनीक

‘बाळ येण्याआधी सामान आणू नये, अपशकुन होतो,’ असे आपल्याही घरांत ऐकू येते. परिणाम असा होतो की, प्रसूतीच्या रात्री पिता लंगोट शोधत बाजारात फिरत असतो. प्रेषितांनी (स.) अपशकुन मानण्याचा स्पष्ट निषेध केला आहे. तयारी करणे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवणे हाच तवक्कुल होय. उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, हा अर्थ सांगणारी हदीस तिर्मिजीमध्ये आहे. बाळाच्या उशाशी सुरी किंवा लोखंड ठेवण्याची चालही येथेच थांबावी. नजरेपासून रक्षणासाठी प्रेषित (स.) आपल्या नातवांवर, हजरत हसन व हुसेन (रजि.) यांच्यावर दुआ पढत असत. ती पाठ करावी, तिला पैसा लागत नाही.

तहनीक ही सुन्नत आहे. उम्मे सुलैम (रजि.) यांच्या नवजात बाळाला प्रेषितांकडे (स.) नेले असता त्यांनी खजूर चावून त्याचा अंश बाळाच्या तोंडात ठेवला होता. परंतु अलीकडे खजुराऐवजी मधाचे बोट चाटवले जाते. एक वर्षापर्यंत बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित पण जीवघेणा आजार होतो. तहनीक करायचे ते पिकलेल्या खजुराच्या केवळ स्पर्शापुरते, स्वच्छ हातांनी आणि डॉक्टरांना विचारून करावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल तर आधी त्याचे आरोग्य.

अकीका आणि कर्ज

अकीका शाफई मतात ताकीद असलेली सुन्नत आहे, हनफी मतात मुस्तहब. दोन्हींपैकी कोणीही त्याला फर्ज मानत नाही. सातव्या दिवशी मुलासाठी दोन बकरे, मुलीसाठी एक, ऐपत नसेल तर मुलासाठीही एक. तेवढेही नसेल तर गुनाह नाही. सातव्या दिवशी जमले नाही तर पुढे सोयीने करता येतो. काढलेल्या केसांच्या वजनाइतकी चांदी दान करणे मात्र बहुतेकांना परवडणारे आहे, कारण नवजात बाळाच्या केसांचे वजन ते किती असणार! आम्हाला एक गृहस्थ ठाऊक आहेत. त्यांनी दोनशे पाने वाढली, मंडप घातला आणि तिसऱ्या आठवड्यात बाळाला कावीळ झाली तेव्हा खिशात रिक्षाचे पैसे नव्हते. जेवणाऱ्यांपैकी कोणी ते मागायला सांगितले नव्हते. प्रेषित (स.) कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत, हे त्यांना कोणी वेळीच आठवून दिले असते तर!

आता राहिली इस्पितळाची पिशवी. नववा महिना लागताच ती भरावी. मातेसाठी समोरून उघडणारे दोन सैल गाऊन, दुपट्टा, पॅड, पाण्याची बाटली आणि खजुराची पुडी. बाळासाठी तीन झबली, टोपडे, दोन दुपटी, डझनभर लंगोट. एका प्लॅस्टिकच्या पाकिटात माता व बालसंरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रक्तगटाचा अहवाल. रक्त देऊ शकतील अशा दोन नातलगांचे नंबर आणि रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर कागदावर लिहून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावा. रिक्षा न मिळाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८. बाळ जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत जन्मनोंदणी होते. तेव्हा बाळाच्या नावाचे स्पेलिंग आई-वडिलांच्या आधार कार्डाशी ताडून पित्याने स्वतः फॉर्म भरावा.