ट्रायपॉड निवडताना

लेझर स्कॅनर कितीही महाग असो, उभा राहतो तीन पायांवरच! शेलूला सर्व्हेला गेलो तेव्हा लोकलमध्ये ओझं नको म्हणून मी कॅमेऱ्याचा हलका अॅल्युमिनियम ट्रायपॉड उचलला. बांधावर वारा सुटला, स्कॅनरचं डोकं फिरलं, ट्रायपॉड पिळला. समोरच्या घराची भिंत दोन स्कॅनमध्ये जुळेचना! गणित सोपं आहे. १ मिनिटाचा कोन सरकला की ५० मीटरवर सुमारे १५ मिलिमीटर चूक. शिवाय १ मीटरचा अॅल्युमिनियमचा पाय १० अंश तापला की जवळजवळ पाव मिलिमीटर वाढतो. लाकूड त्याहून बरंच कमी. म्हणून मातीत टोकदार पायांचा, जड लाकडी ट्रायपॉडच न्या आणि पाय दाबून रोवा. खांदा दुखेल, पण आमच्यासारखी शेलूची दुसरी फेरी वाचेल.