आधी दुसऱ्या वर्षाचं विचारा

आमच्या गावच्या फाट्यावर उभं राहिलं की तीन दिशांना एसटी मिळते. एक भूमला जाते, एक बार्शीला आणि एक खर्ड्यावरून जामखेडला. गाव धाराशिव जिल्ह्याच्या अगदी टोकाला, त्यामुळे बार्शीकडे गेलं की सोलापूर जिल्हा लागतो आणि जामखेडकडे गेलं की नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. ही सरहद्द जुनीच. बार्शी इंग्रजांकडे होती तेव्हा भूम निजामाकडे होतं, आणि तरी सोयरिकी इकडून तिकडे होतच राहिल्या. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला यातला कुठलाही रस्ता चालतो. कॉलेजला मात्र तसं चालत नाही. विद्यापीठांच्या हद्दी जिल्ह्यांवरून आखलेल्या असतात. भूमचं कॉलेज मराठवाडा विद्यापीठाचं. बार्शीचं सोलापूर विद्यापीठाचं. ते २००४ साली झालं, त्याआधी बार्शी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. जामखेडचं पुणे विद्यापीठाचं. फाट्यावर आपण ज्या गाडीला हात करतो, तिच्याबरोबर आपलं विद्यापीठही ठरून जातं. मला हे कळलं तेव्हा वर्ष हातचं गेलं होतं.

२००९ साली मी बारावी सायन्स झाले. मार्क चांगले होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. तीन म्हशी आणि चार एकर कोरडवाहू. दूध खव्याच्या भट्टीवर जायचं. आमच्या भागात खव्याचा पैसा हाच खरा पैसा, कुंथलगिरीचा पेढा म्हणून लोक घेऊन जातात तो याच खव्याचा. पुण्याची खोली, मेस, फी हे सगळं पहिल्याच वर्षी झेपणारं नव्हतं. म्हणून अण्णांनी आणि मी हिशेब केला की एफ.वाय. जवळच्या तालुक्याला करायचं, तोवर चार पैसे गाठीला येतील, आणि एस.वाय.ला पुण्याला जायचं. "बी.एस्सी. ती बी.एस्सी., हितं काय अन् तितं काय," अण्णा म्हणाले. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

जामखेडहून परतीची शेवटची एसटी प्रॅक्टिकल सुटायच्या आधीच निघायची, म्हणून तो रस्ता पहिल्याच दिवशी बाद झाला. उरलेल्या दोन गावांपैकी एका ठिकाणी नाव घातलं. कुठल्या, ते सांगत नाही. त्या कॉलेजानं माझं काही वाईट केलं नाही, उलट तिथलं ऋण मोठं आहे.

गणिताच्या वर्गात आम्ही सव्वीस जण होतो. सर एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या फळ्यावर तीन तीन वेळा लिहायचे, मग खडू ठेवून बाकांमधून फिरायचे. वहीतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "ही ओळ कुठून आली?" उत्तर आलं नाही तर तिथंच बाकाच्या कडेला टेकून बसायचे आणि आम्हाला ती सुचेपर्यंत उठायचे नाहीत. पुढे पुण्यात शंभरावर मुलांच्या वर्गात बसले तेव्हा कळलं की ते बोट किती महागाचं होतं. तालुक्याचं कॉलेज म्हणजे दुय्यम, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेत नाही. एसटीच्या विद्यार्थी पासात घरून ये-जा करून, आईच्या हातचा डबा खाऊन, असं शिकायला मिळत असेल तर ते सोडू नये. सांगायचंय ते वेगळंच.

दिवाळीनंतर मी ऑफिसात विचारलं होतं, "सर, पुढच्या वर्षी पुण्याला जाता येतं ना?" उत्तर आलं, "येतं की. टीसी घ्यायची नि जायचं." सांगणारा माणूस भला होता. त्याच्या खिडकीतून दिसतं तेवढं त्यानं सांगितलं. त्याच्या बाजूनं बाहेर पडायला टीसी पुरत होती. दुसऱ्या बाजूनं आत शिरायला काय लागतं, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ते मी पुण्याला विचारायला हवं होतं, आणि ते जून उजाडायच्या आधीच.

निकाल लागला. दोन्ही सत्रांत सगळे विषय निघाले होते. पहिल्याच दिवशी मी टीसी काढली. विद्यापीठाच्या गावी दोन खेपा घालून मायग्रेशन आणलं. जुलैमध्ये अण्णा आणि मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलो. अण्णांच्या पिशवीत मावसभावाकडे द्यायला किलोभर खवा होता.

प्रवेशाच्या खिडकीवर बाई होत्या. त्यांनी गुणपत्रक सरळ करून पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढली. भौतिकशास्त्रावर एक टिंब, रसायनशास्त्रावर एक, गणितावर एक. मग पेन्सिल इंग्रजीवरून, मराठीवरून न थांबता खाली आली आणि कागदाच्या कोऱ्या भागावर थांबली. "चौथा विषय?" त्यांनी विचारलं. मला प्रश्नच समजला नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाला विज्ञानाचे तीन विषय आणि त्यांच्या जोडीला भाषा. पुण्यात तेव्हा पहिल्या वर्षाला विज्ञानाचेच चार विषय असत आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक सुटत असे. माझे भाषेचे गुण त्यांच्या तक्त्यात बसवायला रकानाच नव्हता. बाई तुसडेपणानं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "समकक्षता आम्ही ठरवत नाही. विद्यापीठात अर्ज करा, उत्तर येईल. पण तोवर एस.वाय.ची जागा राहील असं मी म्हणणार नाही."

अण्णा बाहेर झाडाखाली बसले होते. मी बाहेर येईपर्यंत दुपार टळली होती. पिशवीतल्या खव्याला आंबूस वास यायला लागला होता आणि त्यांनी तो माझ्या लक्षात येऊ नये म्हणून पिशवी पाठीमागे सरकवली.

अर्ज केला. उत्तर येण्याआधी प्रवेशाची तारीख संपली. तेल गेलं, तूप गेलं, तशी गत झाली. जुन्या कॉलेजातून नाव कमी झालं होतं आणि नव्यात लागलं नव्हतं. जुन्या प्राचार्यांनी निरोप धाडला की परत ये, बघू काय करता येतं ते. मी गेले नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. पुण्यातच पुन्हा एफ.वाय.ला नाव घातलं, तीच पुस्तकं पुन्हा उघडली. त्याच वर्गासाठी दुसऱ्यांदा फी सवलत मिळत नाही असं सांगण्यात आलं. त्या वर्षी गोठ्यात तीनच्या दोन म्हशी राहिल्या.

आता मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. दर जूनमध्ये गावाकडून फोन येतात. "ताई, एफ.वाय. हितंच करते, मग येते पुण्याला." त्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी करायला लावते: तीन वर्षांच्या शेवटी जिथं असायचंय, तिथं आधी जा. तालुक्याच्या कॉलेजात फॉर्म भरण्यापूर्वी त्या दुसऱ्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा की थेट दुसऱ्या वर्षाला बाहेरच्या विद्यापीठाची मुलं घेता का, कुठले विषय असलेली घेता, आणि गेल्या वर्षी किती घेतली. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. दुसऱ्या वर्षाची जागा कुणी सोडून गेलं तरच मोकळी होते. "घेतो" आणि "घेतली" यांत फार अंतर आहे.

पुढे पुण्यालाच जायचं हे पक्कं असेल, तर आमच्यासारख्या सरहद्दीवरच्या गावांनी पहिल्या वर्षापासून पुणे विद्यापीठाच्याच कॉलेजात जावं, गाडीची वेळ जरा गैरसोयीची असली तरी. एकाच विद्यापीठात कॉलेज बदलणं तुलनेनं सोपं. पीआरएन तोच राहतो, एलिजिबिलिटी नव्यानं करावी लागत नाही, मायग्रेशनचा प्रश्नच येत नाही, अभ्यासक्रमही एकाच अभ्यासमंडळानं केलेला असतो. पण इथंही एक खाच आहे. शहरातली बरीच नावाजलेली कॉलेजं आता स्वायत्त झाली आहेत. पदवी विद्यापीठाचीच असते, अभ्यासक्रम मात्र कॉलेज स्वतः करतं. विद्यापीठ एकच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॉलेज स्वायत्त आहे का, ते विचाराच.

नव्या शैक्षणिक धोरणानं हे सोपं झालं असा सगळ्यांचा समज आहे. आपल्याकडे संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. सत्राला साधारण २२ क्रेडिट, वर्षाला ४४. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास शिकवणं. अपार आयडी काढला की हे सगळे क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत जमा होतात आणि सात वर्षं राहतात. ही सोय खरोखर चांगली आहे. माझ्या वेळी असती तर शिक्षण मध्येच सुटलेल्या किती मैत्रिणी परत आल्या असत्या. पण क्रेडिट बँकेत असणं वेगळं आणि समोरच्या विद्यापीठानं ते आपल्या आराखड्यात धरणं वेगळं. बँक फक्त सांगते की तुम्ही काय मिळवलं. त्यातलं आपल्याला काय चालतं, हे तुम्ही जिथं जाल तिथंच ठरतं.

आणि आता तर विषयांचे कप्पे पूर्वीपेक्षा जास्त आहेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली. तालुक्याच्या कॉलेजात मायनर कुठला मिळेल हे पुष्कळदा तिथं कुठल्या विषयाचे शिक्षक आहेत यावर ठरतं. संख्याशास्त्राला माणूसच नसेल तर संख्याशास्त्र नाही. हा त्या कॉलेजचा दोष नव्हे. जागा भरल्या जात नाहीत, त्याला प्राचार्य काय करणार? पण पुढे संख्याशास्त्रात जायचं मनात असलेल्या मुलीनं हे पहिल्या दिवशी पाहायला हवं. लहानसहान विषयांचं पुढे जमवून घेता येतं. मेजर-मायनरची जोडी जुळली नाही तर पेन्सिल पुन्हा त्याच कोऱ्या जागेवर येऊन थांबते.

कागदांचं सांगते, कारण मी त्यातच फसले. वर्ष संपताना प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत काढून तिच्यावर प्राचार्यांची सही-शिक्का घ्या. समकक्षता ठरवणारा माणूस गुणपत्रकावरून ठरवू शकत नाही. त्याला प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तासांचं शिकवलं ते पाहायचं असतं. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, मग जुना शोधत हिंडावं लागतं. माझ्याकडे त्या प्रती असत्या तर अर्जाला निदान लवकर पाय फुटले असते. एटीकेटी घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जायचा विचारही करू नका. बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलंच लागतं. आणि टीसी सगळ्यात शेवटी काढा. पलीकडे प्रवेश देतो असं लेखी हातात येईपर्यंत अलीकडचं नाव कमी करू नका. ऑफिसातले लोक घाई करतील, मैत्रिणी करतील, तुमची स्वतःची हौस तर सगळ्यात जास्त करेल. थांबा.

हे सगळं सांगून झाल्यावर मी आणखी एक सांगते, आणि ते पालकांना फारसं आवडत नाही. मध्येच जाऊच नका. तीन वर्षं तालुक्याला पूर्ण करा आणि एम.एस्सी.ला बाहेर पडा. आयआयटीत एम.एस्सी.ला जायला जॅम परीक्षा असते, केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी पीजी असते. तिथं तुमची पदवी भूमची की पुण्याची हे कुणी विचारत नाही, पेपर काय लिहिला ते बघतात. पुण्याच्या खोलीवर एस.वाय., टी.वाय.ला जो पैसा जातो, तोच एम.एस्सी.च्या दोन वर्षांना लावला तर कितीतरी जास्त कामी येतो. आमच्या सरांच्या हाताखाली आणखी दोन वर्षं काढली असती तर मी कुठं असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या वाडीतली एक मुलगी बोलत होती. तिला संख्याशास्त्रच करायचंय, तेही पुण्यातच, आणि पहिलं वर्ष घरून. तिला मी विचारलं, "कुठल्या गाडीनं जाणार?" ती गोंधळली. मग तिला तीन रस्त्यांचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, मागे स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती. "ताई, जामखेडवरून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते कंट्रोलरला विचारून लिहून घेतलंय. आता कॉलेजात जाते. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं अन् संख्याशास्त्राला शिक्षक आहेत का, दोन्ही विचारते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, कारण ऑफिस बंद व्हायला अर्धाच तास राहिला होता.