उंबरठा ओलांडताना
(धर्मानंद कोसंबी यांच्या जीवनप्रवासातून घ्यावयाचा बोध)



स्मरणिकेच्या निमित्ताने दरवर्षी आपण महापुरुषांचे स्मरण करतो. त्यांच्या जयंत्या साजऱ्या करतो, प्रतिमांना हार घालतो. परंतु ज्या दिवशी त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला, त्या दिवशी त्यांच्या मनात काय चालले असेल, खिशात काय होते आणि घरी मागे कोण राहिले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही नेमका तोच विचार करणार आहोत.

आज आपल्या चांदे गावातील तरुणांना पुणे एका बसच्या अंतरावर आहे. हिंजवडीच्या कंपन्या तर हाकेच्या अंतरावर उभ्या राहिल्या. तरीही मनात काही वेगळे शिकण्याची, वेगळे करण्याची इच्छा असूनही पाऊल न उचलणारे पुष्कळजण आपल्यात आहेत. अंतर कमी झाले म्हणून धाडस वाढले, असे दिसत नाही. याचे कारण शोधले पाहिजे.

सवयीचे कुंपण

सुखवस्तू माणसालाच घर सोडवत नाही, असा आपला समज असतो. तो खरा नाही. कष्टाचीही माणसाला सवय होते. कमी पगाराची नोकरी, रोजचा तोच रस्ता, तीच चार माणसे यांत सुख नसले तरी ओळख असते. आणि ओळखीच्या दुःखाला माणूस अनोळखी सुखापेक्षा अधिक घट्ट धरून बसतो. हे कुंपण दुसऱ्या कोणी घातलेले नसते, म्हणून ते तोडताना भांडायलाही कोणी सापडत नाही. समाजाने घातलेल्या कुंपणाविरुद्ध आपल्या मागच्या पिढ्या लढल्या. मनाच्या या कुंपणाशी मात्र ज्याचे त्यालाच लढावे लागते.

साखवाळहून निघालेला तरुण

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या खेड्यात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. पद्धतशीर शिक्षणाची सोय नव्हती. लहानपणी प्रकृती नाजूक, पुढे घरच्या माडांची देखरेख आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास विवाह, असे त्या काळच्या कोणत्याही खेडेगावातील तरुणासारखे त्यांचे जीवन चालले होते.

१८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात आलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मोठा ग्रंथ नव्हे, मोठ्या विद्वानाचे व्याख्यान नव्हे, मुलांच्या मासिकातील मजकूर! परंतु त्या वाचनाने मनाने घेतले की, बुद्धांची शिकवण मुळातून जाणून घ्यायची. अडचण अशी की, ज्या भाषेत ती शिकवण आहे ती पाली शिकवणारा जवळपास कोणी नव्हता आणि संस्कृतही त्यांना येत नव्हते. त्यापूर्वीही शिकण्यासाठी घराबाहेर पडण्याचे त्यांचे प्रयत्न झाले होते आणि ते परत आले होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. पहिल्या प्रयत्नात परत येणारा मनुष्य भ्याड असतो असे नाही. पुन्हा निघतो की नाही, हे महत्त्वाचे.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले ते पुण्यास आले. तेथे त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची गाठ घेतली. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १९०२ मध्ये बौद्ध धर्म पाहावा म्हणून नेपाळात गेले, तर तेथील स्थिती पाहून निराशा पदरी आली. येथे दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. कोसंबी तेथून बुद्धगयेस, बुद्धगयेहून कलकत्त्यास आणि तेथून सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. मराठी मासिकात वाचलेल्या गोष्टीचा शोध असा नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा फिरला. घरी परतायला सुमारे सात वर्षे लागली.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. निघताना त्यांच्याजवळ संपूर्ण मार्गाचा नकाशा नव्हता. फक्त पुढचा एक मुक्काम दिसत होता. संस्कृत पाहिजे म्हणून काशी, पाली पाहिजे म्हणून कोलंबो. ध्येय मोठे होते, पण पाऊल नेहमी एकाच मुक्कामाचे होते.

दुसरा उंबरठा : स्थिर पगाराचा

घर सोडणे कठीण खरे. परंतु मिळालेली प्रतिष्ठा सोडणे त्याहून कठीण. १९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथील विद्यापीठात पगार चांगला मिळणार होता, मान होता. परंतु महाराष्ट्रात बौद्ध विद्येचा प्रसार व्हावा, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात कोठेही राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले; वर्षाकाठी एखादे पुस्तक लिहावे, एवढीच अपेक्षा. कलकत्त्याच्या पगारापुढे ही रक्कम फारच थोडी होती. कोसंबींनी ती स्वीकारली.

पुढे १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट आणि ना. के. भागवत हे पुढे नावारूपास आलेले पंडित होते. १९५६ मध्ये बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्याचे संपादन याच बापटांनी केले. एका खेड्यातील तरुणाने ओलांडलेला उंबरठा असा पुढच्या पिढीला रस्ता झाला.

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते चार वेळा गेले. पहिल्या खेपेस, १९१० ते १९१२ मध्ये, संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि काम अर्धे टाकून ते परत आले. तरी पुन्हा गेले, काम पुरे केले. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये निघाली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले होते. विद्वत्तेचा लाभ कामगार वस्तीलाही व्हावा म्हणून १९३७ मध्ये मुंबईत परळ येथे बहुजन विहार उभा करण्यातही ते होते, हे विसरता येणार नाही.

किंमत कोणी मोजली?

येथवर वाचून एखाद्या भगिनीच्या मनात प्रश्न आला असेल : त्यांच्या पत्नीचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोसंबी निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई तरुण होत्या आणि मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली होती. पतीचा ठावठिकाणा अनिश्चित, आणि पदरात तान्हे मूल! कोसंबींच्या स्वप्नाची किंमत बाळाबाईंनीही मोजली, आणि त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेस जाताना कोसंबींनी माणिक आणि मुलगा दामोदर या दोघांना शिक्षणासाठी बरोबर नेले. हाच दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगास माहीत झाला. ही भरपाई काही अंशी झाली. गेलेली वर्षे मात्र परत आली नाहीत.

या संदर्भात सिद्धार्थाच्या गृहत्यागाकडे पाहण्यासारखे आहे. मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला आणि बाळाला सोडून तो निघाला, अशी कथा आपण ऐकत आलो. परंतु पाली सुत्तांतील जुन्या उल्लेखात, आईवडील रडत असताना त्याने केस काढून गृहत्याग केला, असे आहे. म्हणजे तो लपून गेला नाही. कोसंबींनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात याकडे लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा हे कारण मांडले, आणि सिद्धार्थ यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन निघाला, असे दाखवले. आम्हांला यात आजच्या तरुणांसाठी मोठा बोध दिसतो. निघायचे तर सांगून निघावे.

तयारीचे धाडस

स्वतः बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा सोडून त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. संसाराला स्थैर्य आले. परंतु त्यांनी त्या पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये नोकरी सोडून पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. या काळात रमाईंनी घर कसे चालवले, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे धाडस आहे, पण ते आंधळे नाही. नोकरी हे त्यांनी ध्येय मानले नाही, ध्येयाकडे जाण्याची शिदोरी मानली.

बोध

तेव्हा मित्रहो, नोकरी सोडा आणि निघा, असा सल्ला आम्ही देत नाही. ज्या घरात मिळवता हात एकच आहे, तेथे असा सल्ला देणे निर्दयपणाचे होईल. परंतु कायम थांबून राहणे हीही एक किंमतच आहे, आणि ती उतारवयात मोजावी लागते. म्हणून अभ्यासवर्गात चर्चेसाठी चार प्रश्न देत आहोत :

१) मला जे करायचे आहे त्याचा पुढचा एकच मुक्काम कोणता?
२) त्यासाठी किती महिन्यांची शिदोरी लागेल आणि ती आजच्या मिळकतीतून कशी साठेल?
३) माझ्या जाण्याची झळ कोणाला बसेल? त्यांच्याशी मी बोललो का?
४) परत यावे लागले तर पुन्हा निघण्याची माझी तयारी आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष महत्त्वाचे आहे. आणि हे प्रश्न मुलांनीच नव्हे, तर घरातील मुलींनी आणि सुनांनीही स्वतःला विचारावेत. आजवर घराबाहेर पडणाऱ्याचे घर सांभाळण्याचे काम बाईने केले. आता एखादी बहीण शिकायला निघाली, तर मागचे घर, म्हातारी माणसे आणि लेकरे सांभाळण्याची पाळी भावाने आणि पतीने घ्यावी. ती घेतली गेली, तर बाळाबाईंचे आणि रमाईंचे खरे स्मरण झाले, असे आम्ही समजू.