स्क्रीनचं शीर्षक बदला, आयडी नको! ॲप बनवून घेणाऱ्या मालकासाठी धडा



ॲप बनवून घेताना डेव्हलपरला काय विचारायचं, ते आपण व्हिडिओत पाहिलं. त्यातला 'स्क्रीन आयडी'चा भाग इथे नीट लिहून देतोय. कोडिंग येत नसलं तरी चालेल, पण हा मुद्दा मालकाला माहीत हवाच. चुकलं तर पैसे आपलेच जातात.

आयडी म्हणजे काय?

ॲपमधल्या प्रत्येक स्क्रीनला दोन नावं असतात. एक शीर्षक, जे ग्राहकाला वर दिसतं. दुसरं कोडच्या आतलं, ज्यावरून ॲपला कळतं की बटण दाबल्यावर कुठे जायचं. हाच आयडी, काही डेव्हलपर त्याला 'रूट' म्हणतात. शीर्षक म्हणजे दुकानाची पाटी, आयडी म्हणजे दुकानाचा पत्ता.

एमआयटी ॲप इन्व्हेंटर हे मोफत साधन उघडून बघा. पहिल्या स्क्रीनचं 'स्क्रीन१' हे नाव तिथे बदलताच येत नाही, शीर्षक मात्र हवं तितक्यांदा बदला.

नुकसान कसं होतं?

समजा, पिंप्राळ्यात तुमचा पापड-कुरडयांचा घरगुती व्यवसाय आहे. दिवाळीला फराळाची ऑफर काढली. डेव्हलपरने त्या स्क्रीनचा आयडी ठेवला 'दिवाळी'. तुम्ही 1000 पाकिटांवर क्यूआर कोड छापला. स्कॅन केला की थेट तीच स्क्रीन उघडते.

मार्चमध्ये वाळवणाची ऑफर आली. डेव्हलपरने आयडी बदलून 'वाळवण' केला. तुमच्या फोनवर सगळं मस्त चालतंय! पण गिऱ्हाइकाच्या घरातलं जुनं पाकीट आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक अजून 'दिवाळी'च शोधतात. समोर येते कोरी स्क्रीन. गिऱ्हाईक फोन करून तक्रार करत बसत नाही, दुसरीकडून पापड घेतं.

उलटंही होतं. ज्यांनी ॲप अपडेट केलं नाही, त्यांच्या फोनमध्ये 'वाळवण' आयडीच नाही. नवीन नोटिफिकेशन दाबून ते कुठेच पोहोचत नाहीत.

हे पाच नियम पाळा

1. आयडी कामावरून ठेवा. 'दिवाळी' नको, 'ऑफर' ठेवा. सण बदलला की फक्त शीर्षक आणि आतला मजकूर बदलायचा.

2. प्रत्येक मालासाठी वेगळी स्क्रीन नको. 'उत्पादन' ही एकच स्क्रीन, तिला मालाचा नंबर द्यायचा. माल 50 असले तरी आयडी एकच.

3. सगळे आयडी कोडमध्ये एकाच फाईलमध्ये हवेत. जागोजागी हाताने टाइप केले की एका अक्षराच्या चुकीने बटण बंद पडतं.

4. जुना आयडी काढू नका, नव्या स्क्रीनकडे वळवा. अनोळखी आयडी आला तर होम स्क्रीन उघडली पाहिजे.

5. छापायची लिंक स्वतःच्या डोमेनवरची घ्या. गुगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा 25 ऑगस्ट 2025 ला बंद झाली. तिच्यावरच्या लिंका जिथे छापल्या होत्या, तिथेच निकामी झाल्या.

आजचा गृहपाठ

वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने करा: आयडी, शीर्षक, ती स्क्रीन कुठून उघडते, लिंक कुठे छापली. डेव्हलपरकडून भरून घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उद्या डेव्हलपर बदलला तरी तुमचं काम अडणार नाही. आणि ही यादी हातात आल्याशिवाय क्यूआर छापायला टाकू नका!