वायरलेस कीपॅड बसवायचं काम : माल छोटा, भरवसा मोठा



अलार्म बसवून झाला की गिऱ्हाईक संपलं, असं समजू नका. पॅनल हॉलमध्ये असतं आणि घरातली मंडळी आतल्या खोलीत झोपतात. रोज रात्री उठून हॉलमध्ये कोण जाणार? आठवडाभरात अलार्म लावणंच बंद होतं. अशा घरी दुसरा, वायरलेस कीपॅड हा चांगला उपाय. भिंत फोडायला नको, वायर ओढायला नको. हे काम कसं करायचं ते बघू.

१. आधी पॅनल बघा, मग माल घ्या
कुठलाही कीपॅड कुठल्याही पॅनलला चालत नाही. फ्रिक्वेन्सी एकच असली तरी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. पॅनलच्या मॉडेल नंबरचा फोटो काढा आणि कोणता कीपॅड चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या वायरच्या पॅनलला बऱ्याचदा वेगळा रिसीव्हर लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये आधीच दाखवा, नंतर सांगितला की वाद होतो.

२. ड्रिल सगळ्यात शेवटी
मॅन्युअलप्रमाणे कीपॅड पॅनलमध्ये नोंदवून घ्या. मग जिथे बसवायचा तिथे हातात धरून, घराची दारं बंद करून सिग्नल तपासा. काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, सेफ्टी डोअर यांनी सिग्नल कमी होतो. कधी दोन फूट सरकवलं तरी काम होतं. खिडकीतून कोणाला बटणं दिसणार नाहीत ना, हेही बघा.

३. कोड गिऱ्हाईकाचाच
खरं काम इथे आहे. ४ आकडी कोडच्या १०,००० शक्यता असतात. पण वर्षानुवर्षं तीच ४ वेगवेगळी बटणं दाबून झिजली, तर उरतात फक्त २४! म्हणून कोड अधूनमधून बदलायला सांगा. कामवाल्या मावशींना वेगळा कोड द्यायला सांगा, म्हणजे त्यांनी काम सोडलं तर तेवढाच काढता येतो.

गिऱ्हाईक कोड टाकत असताना आपण पाठ फिरवायची. तो डायरीत नाही, मोबाइलमध्ये तर नाहीच नाही. उद्या त्या घरी चोरी झाली, तर पहिला प्रश्न येतो, कोड कोणाला माहीत होता?

कंपनीकडून आलेला इन्स्टॉलर कोडही बदला आणि प्रत्येक घराला वेगळा ठेवा. सगळीकडे एकच ठेवला आणि तुमच्याकडचा एखादा मुलगा काम सोडून गेला, तर सगळ्या घरांचं प्रोग्रॅमिंग त्याच्या हातात. नवा कोड बंद पाकिटात गिऱ्हाईकाकडेच द्या.

४. मजुरी वेगळी लावा
समजा, कीपॅड ३,००० ला पडला आणि ३,६०० ला दिला. ६०० रुपये सुटले असं वाटतं. त्यातून दोन फेऱ्यांचं पेट्रोल आणि अर्धा दिवस वजा करा. वर बॅटरी संपली की फुकट फेरी आहेच. म्हणून मालाची किंमत आणि मजुरी बिलात वेगळी लिहा. बॅटरी टाकल्याची तारीख कीपॅडच्या आत लिहून ठेवा, आणि बॅटरी बदलणं वर्षाच्या देखभाल करारात घ्या.

आजचा गृहपाठ : तुमच्या १० जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. विकायला जाऊ नका. एवढंच विचारा, "काका, रात्री अलार्म लावता ना?" उत्तर "नाही" आलं, तर का ते शांतपणे ऐकून घ्या. पुढचं काम त्या उत्तरातच आहे.