वर्षावास आणि माळढोक

पावसाळ्यात भिक्खू चारिका करताना कोवळे गवत तुडवतात, बारीक जीवांची हानी करतात, अशी तक्रार लोकांनी केली. तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकातील महावग्गात आले आहे. हे तीन महिने आपण आजही श्रद्धेने पाळतो; परंतु या नियमामागे गवताचा आणि गवतातल्या जीवांचा विचार होता, हे सहसा आठवत नाही. त्याच गवतात, प्रामुख्याने त्याच महिन्यांत अंडे घालणाऱ्या एका पक्ष्याचा अभ्यास आम्ही येथे मांडत आहोत.

राजस्थानच्या थर वाळवंटात त्याला गोडावण म्हणतात; आपण माळढोक म्हणतो. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन १५ किलोपर्यंत. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे एक अंडे फुटले, की बहुधा त्या मादीचे वर्ष वाया जाते. आज जगात माळढोक दीडशेहून कमी उरले असून त्यांतील बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत.

ही वेळ का आली? इंदिरा गांधी कालव्याचे पाणी वाळवंटात पोहोचले आणि सेवण गवताची विस्तीर्ण कुरणे नांगराखाली गेली. पिकांवरील कीटकनाशकांनी त्याचे खाद्य असलेले नाकतोडे व इतर कीटक घटले. वस्त्या वाढल्या, त्यांच्या उकिरड्यांवर पोसलेली कुत्री अंडी आणि पिल्ले खाऊ लागली. पुढे सौर व पवन ऊर्जेचे प्रकल्प आले आणि आकाशात विजेच्या तारांचे जाळे पसरले. माळढोकाचे डोळे बाजूंना असल्याने समोरचे त्याला नीट दिसत नाही. तार दिसली तरी जड देह ऐनवेळी वळत नाही. तारा भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत पिल्ले वाढवली जात आहेत. परंतु ती सोडायची कुठे? माळच उरला नाही, तर केंद्रातील यश पिंजऱ्यातच राहील.

आम्हांला या साऱ्याच्या मुळाशी एक मिथ्या दृष्टी दिसते. झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक, रिकामी, असे आपण मानत आलो. जैसलमेरच्या गावकऱ्यांनी मात्र लोकदेवतांच्या नावाने राखलेल्या कुरणांना, म्हणजे ओरणांना, कधी रिकामे मानले नाही. तेथे गुरे चरतात, पाणी साठते, गोडावणही वावरतो.

महाराष्ट्राचा अनुभवही बोलका आहे. सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते आली, गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले. तोवर नान्नजच्या माळावरून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. माणसाला परके करून जीव वाचत नाही, हा यातला धडा.

आपल्या समाजाने तो विशेष लक्षात घ्यावा. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली सत्याग्रह झाला. हजारो माणसे तुरुंगात गेली. गायरानाच्या तुकड्यावर पोट भरणाऱ्याला पक्ष्याच्या नावाने उठवणे, हा धम्म नव्हे. त्याच माणसाला कुरण राखण्याचा रोजगार आणि चाऱ्यावरचा हक्क द्यावा. पक्ष्याचा पहिला रखवालदार तोच होईल. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या औषधोपचाराची सोय एकत्रच सांगितली आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वणवा लावण्यास मनाई आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. येत्या वर्षावासात आपल्या गावच्या माळावर मुलांना घेऊन जा. कडेकडेने चाला, काय काय राहते ते पाहा. कुत्रे बांधून ठेवा. उन्हाळ्यात गवत पेटवू नका. आपल्यापैकी जे तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक आहेत, त्यांनी गावात कोणती जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदली आहे, ते एकदा तपासावे आणि तेथे कोण जगते, हे ग्रामसभेत सांगावे.