गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडू नये

आपल्या गच्चीवरून उतरणारा पाइप कोठे जातो, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा पाहावे. तो शोषखड्ड्यात किंवा पर्जन्यजलवाहिनीत जात असेल तर चिंता नाही. अनेक घरांत मात्र तो सोयीसाठी शौचालयाच्या चेंबरला जोडलेला असतो. शंका असल्यास प्लंबरकडून घराच्या चेंबरचे झाकण उघडवून गच्चीवर बादलीभर पाणी ओतावे; ते चेंबरमध्ये उतरल्यास जोडणी चुकीची आहे.

मलवाहिनीचा आकार सांडपाण्याच्या हिशेबाने ठरतो. पाच जणांच्या कुटुंबातून दिवसाला साधारण ५४० लिटर सांडपाणी निघते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, की ५,००० लिटर पाणी जमते, म्हणजे त्या कुटुंबाचे नऊ दिवसांचे सांडपाणी. जोराच्या सरीत ते तासाभरात वाहिनीत शिरते. वाहिनी तुंबते आणि मैला सखल भागातील घरांच्या मोरीतून व शौचालयातून वर येतो. चूक एकाच्या गच्चीची, घाण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, असे नेहमी घडते.

भूजलाचा मार्ग डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात त्याची पातळी चढते आणि तडकलेल्या सांध्यांतून ते मलवाहिनीत झिरपते. भूजल खाली गेले, की त्याच फटींतून मैला बाहेर मुरतो. जवळून नळाची वाहिनी जात असल्यास, पुरवठा बंद असताना तिच्यातील दाब उतरतो व हे दूषित पाणी गळक्या सांध्यातून आत ओढले जाते. कावीळ, विषमज्वर, कॉलरा व अतिसार यांचे जंतू अशा पाण्यातून घरात पोहोचतात. म्हणून फुटके चेंबर व तडे गेलेले पाइप उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्यावेत. नळाच्या पाण्याला वास किंवा गढूळपणा आल्यास ते पिऊ नये व स्थानिक पाणीपुरवठा विभागास त्वरित कळवावे.

साचलेले पाणी ओसरावे म्हणून रस्त्यावरील मॅनहोलचे झाकण कधीही काढू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत पाण्यातून घरी निघालेल्या एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला.

घरात मैलापाणी शिरल्यास मुलांना दूर ठेवावे आणि रबरी हातमोजे व गमबूट घालूनच स्वच्छता करावी. पिण्याचे पाणी खळखळ उकळावे. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असल्यास, विशेषतः पायाला जखम असल्यास, ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्याचे औषध वेळेवर घेतल्यासच उपयोगी पडते. नंतर ताप आला, तर आपण पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.